स्वाहिली, झुलू शिकायला सरकारने पैसे का द्यायचे?

विस्कॉन्सिनकर:
काल एका पोस्टमध्ये वाचलं, "आफ्रिकन भाषांच्या फेलोशिपा बंद केल्या ते बरंच झालं, ज्याला झुलू शिकायची हौस आहे त्याने स्वतःच्या खिशातून शिकावी." डोक्यातून जाईना म्हणून धागा काढतेय.

माझी मुलगी पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करतेय, दोन वर्षं फ्लासवर, म्हणजे परदेशी भाषा शिकायला अमेरिकन सरकार देत होतं त्या फेलोशिपवर, स्वाहिली शिकली. रोज सकाळी तास, शिवाय आफ्रिकेवरचा एक कोर्स सक्तीचा. याला हौस म्हणतात? गेल्या हिवाळ्यात ती ज्या क्लिनिकमध्ये इंटर्न होती तिथे एक आजी आल्या, मूळच्या काँगोच्या पण कित्येक वर्षं टांझानियातल्या छावणीत काढलेल्या. फोनवरचा दुभाषा फ्रेंचवाला, आजींना फ्रेंच येत नाही. हिने "शिकामो, बिबी" म्हटलं. बिबी म्हणजे आजी, शिकामो म्हणजे थोरांना करायचा नमस्कार, पाय धरते असाच त्याचा भाव. आजी बोलायला लागल्या. गोळ्या संपतील म्हणून त्या बीपीची गोळी अर्धीच घेत होत्या, हे तेव्हा कळलं. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये शिक्षण खात्याने हेच पैसे थांबवले.

रोखठोक:
ती पोस्ट माझीच. ताई, आजींची गोष्ट मनाला लागली, पण एका गोष्टीवर बजेट ठरत नाही. मी १७ वर्षं इथे टॅक्स भरतोय, त्यातली १३ ग्रीन कार्डाच्या रांगेत गेली, आणि ही फेलोशिप फक्त सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांना. माझी पुतणी एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर भाषाशास्त्राला आली, तिला अर्जसुद्धा करता आला नाही. माझ्या मुलाने इंजिनीअरिंगसाठी कर्ज काढलं, त्याला कोण स्टायपेंड देतंय? आणि दुभाषे हवेत तर काँगोची माणसं आहेत ना इथेच, त्यांना ट्रेनिंग द्या, पगार द्या. दोन वर्षं वर्गात बसलेली मुलगी त्यांची बरोबरी कशी करणार?

अटलांटिकपार:
हे दान म्हणून कधीच सुरू झालं नव्हतं हो. १९५७ ला रशियाचा स्पुटनिक उपग्रह वर गेला, अमेरिका हादरली आणि १९५८ ला ज्या कायद्यातून या फेलोशिपा निघाल्या त्याच्या नावातच डिफेन्स आहे. बोरेन ही परदेशी भाषांसाठीची दुसरी सरकारी फेलोशिप घेतली तर नंतर किमान वर्षभर सरकारी नोकरी करावी लागते. मला तर हेच खटकतं. १९९१ मध्ये बोरेनचा कायदा झाला तेव्हा आफ्रिका शिकवणाऱ्या बऱ्याच प्राध्यापकांनी त्या पैशाला हात लावायला नकार दिला होता, कारण तिकडे गेलेला प्रत्येक विद्यार्थी हेर समजला जाईल.

शाळामास्तर:
रोखठोक, तुम्हाला माहिती आहे का की याच फ्लासच्या पैशातून अमेरिकन मुलं मराठीसुद्धा शिकलीत? शिकागो, पेनसिल्व्हेनिया इथे मराठी शिकवली गेली ती उगाच नाही. झुलू गेली तर मराठीही त्याच गाडीतून जाणार. परदेशी सरकारला आपली भाषा शिकवावीशी वाटते आणि आपल्याकडे? मी २९ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, पट २१४ वरून ३१ वर आलेला डोळ्यांनी पाहिला.

रोखठोक:
मास्तर, विषय काय चाललाय? पट कमी झाला तो पालकांनी ठरवलं म्हणून, फेलोशिपशी काय संबंध?

शाळामास्तर:
संबंध नाही कसा? पैसा सरतो तशी भाषा मान टाकते. शेजारच्या गावात बसवाली इंग्लिश शाळा आली आणि वर्गखोल्या गळत असताना मी तीन वर्षं पत्रं लिहीत होतो. तुमची मुलं मराठी वाचतात का, ते सांगा आधी.

रोखठोक:
माझ्या मुलांवर येऊ नका. दर रविवारी गाडी काढून मराठी शाळेत नेलंय त्यांना, नऊ वर्षं, फुकट शिकवणाऱ्या बायकांकडे, सरकारचा एक सेंट न घेता. माझं म्हणणं तेच आहे की भाषा घरातनं टिकते.

दारेसलाम_रिटर्न:
भांडताय कशाला. मी टांझानियात दारेसलामला ११ वर्षं होतो, कुठल्या फेलोशिपशिवाय बाजारात स्वाहिली शिकलो, त्यामुळे रोखठोकांचं मला अर्धं पटतं. पण अर्धंच. रंगाला रांगी, दुकानाला दुका, विम्याला बिमा, गाडीला गारी, एवढ्यावर आपला माणूस खूश होतो आणि तिथेच थांबतो. पुढचं व्याकरण बाजारात कळत नाही. किताब अरबीतून आला, किताबू झाला, त्यातला 'कि' त्यांनी आपला एकवचनाचा उपसर्ग धरला आणि अनेकवचन केलं विताबू. इंग्रजी कीप लेफ्टचं किपीलेफ्टी झालं, म्हणजे चौकातलं गोल सर्कल, अनेक असतील तर विपीलेफ्टी. हे मला तिथल्या सातव्या वर्षी एका मास्तरीणबाईंनी फळ्यावर लिहून दाखवलं तेव्हा उमगलं. घड्याळही वेगळं, सकाळचे सात म्हणजे सा मोजा, पहिला तास. डॉक्टरने सकाळी "सा म्बिलीला", म्हणजे दुसऱ्या तासाला, "गोळी घ्या" सांगितलं तर ती आठला घ्यायची असते, दोनला नाही. ताईंच्या मुलीला हे येत असणार. युनेस्कोच्या हिशोबाने स्वाहिली बोलणारे २० कोटींच्या वर आहेत, ही हौसेची भाषा नाही.

रोखठोक:
गोळीच्या वेळेचा मुद्दा मान्य. हौस हा शब्द मागे घेतो, बाकीचं नाही. निर्वासितांमधून दुभाषे तयार करा हे माझं अजूनही म्हणणं आहे.

विस्कॉन्सिनकर:
ते करायलाच हवं, पण त्यांना शिकवणार कोण? वैद्यकीय स्वाहिली शिकवणाऱ्या बाई मुलगी जिथे स्वाहिली शिकली त्याच विभागातल्या आहेत. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात सहा जण होते, त्यातले चार फ्लासवर. ते चार गेले तर दोघांसाठी वर्ग चालवणार नाही म्हणालेत. मुलीने उन्हाळ्यातल्या नोकरीचे पैसे फीसाठी बाजूला काढून ठेवलेत, वर्ग उघडला तर भरायला.

दारेसलाम_रिटर्न:
ताई, नाही उघडला तर मला कळवा. शनिवारी फोनवर तासभर बोलेन तिच्याशी, मलाही इथे बोलायला कोणी नाही.

शाळामास्तर:
आणि माझ्या पत्रांचं उत्तर अजून आलेलं नाही, तेही कोणीतरी विचारा.