विषय: जुना टेबल लॅम्प मागवतेय, टपालखर्च आधी विचारावा का?

नमस्कार मंडळी,

एका साइटवर पितळी स्टँडचा जुना टेबल लॅम्प दिसलाय, मोठ्या कापडी शेडसकट. किंमत इतकी कमी आहे की आत्ताच घेऊन टाकावासा वाटतोय. फक्त खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, "टपालखर्च वेगळा, खरेदीनंतर कळवू." विकणारा दुसऱ्या देशातला आहे. दिवा तसा हलकाच असणार, शेड म्हणजे तर नुसती तार आणि कापड. पोस्टेज असं कितीसं होईल? आधी घेऊन मग विचारलं तर चालेल ना? दुसऱ्या कुणी उचलायच्या आत ठरवायचंय, म्हणून घाईने विचारतेय.

---

उत्तर: जुना टेबल लॅम्प मागवतेय…

ताई, कृपा करून अजून पैसे भरू नका. "खरेदीनंतर कळवू" हे वाक्य असलं की मी तिथेच थांबतो. विकणारा लबाड असतो असं नाही. बहुतेकदा त्याने वस्तू पॅक करून काट्यावर ठेवलेलीच नसते, त्यामुळे आकडा त्यालाही माहीत नसतो. पण तुम्ही खरेदी पक्की केल्यावर तो आकडा आला की घासाघीस करायला तुमच्या हातात काहीच उरत नाही.

शेड हलकी आहे, आणि तुमच्या दिव्याची खरी अडचण नेमकी तीच आहे. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोका विमानात किती जागा अडवतो तेही बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि बऱ्याच आंतरराष्ट्रीय कुरिअर कंपन्यांच्या हिशेबाने ५००० ने भागायचं. येतं ते 'व्हॉल्युमेट्रिक' वजन, किलोमध्ये. खरं वजन आणि हे वजन, यांतलं जे जास्त त्यावर दर लागतो. आता ४५ सेंटीमीटर व्यासाची शेड धरा. चेपू नये म्हणून चहूबाजूंनी जागा सोडली तर खोका ५० × ५० × ४० चा होतो. गुणाकार १,००,०००, भागिले ५०००, म्हणजे २० किलो. काट्यावर शेड किलोभर भरली तरी तुम्ही पैसे वीस किलोचे मोजणार, आणि त्यातले बहुतेक हवेचे.

पुस्तकांचं गणित याच्या उलट. मंडळाच्या वाचनालयासाठी मी जुने संच मागवतो तेव्हा मापाची फिकीर करत नाही. ३० × २५ × २० चा खोका सूत्राने फक्त ३ किलोचा, पण पुस्तकांनी ठासून भरला तर सहज १० किलोच्या आसपास जातो. तिथे वजनावरच घोडं अडतं, म्हणून सरकारी टपालाचा छापील साहित्याचा दर आहे का ते आधी विचारायचं. कित्येक देशांत तो साध्या पार्सलपेक्षा स्वस्त पडतो.

टपाल खात्याने येणाऱ्या छोट्या पाकिटांना आणखी एक कुंपण आहे. जागतिक टपाल संघाच्या नियमांनुसार २ किलोपर्यंतची वस्तू 'लहान पाकीट' म्हणून जाते आणि लांबी, रुंदी, उंचीची बेरीज ९० सेंटीमीटरच्या आत लागते. एकही बाजू ६० च्या वर चालत नाही. त्यामुळे विक्रेता "वजन १ किलो ९०० ग्रॅम" म्हणाला की लगेच विचारावं, हे खोक्यासकट का? पुठ्ठा, बबल रॅप आणि चिकटपट्टी मिळून शंभर-दोनशे ग्रॅम कधी होतात ते कळतही नाही, आणि मग वस्तू पार्सलच्या दरात जाते.

विक्रेत्याला मी असं लिहितो: "पैसे भरण्याआधी पॅक केलेल्या खोक्याची तिन्ही मापं आणि एकूण वजन कळवाल का? माझा पोस्टकोड अमुक. ट्रॅकिंगसह आणि ट्रॅकिंगशिवाय, दोन्ही दर सांगा." मापं आली की टपाल खात्याच्या आणि कुरिअरच्या कॅलक्युलेटरवर स्वतः घालून बघायची. विक्रेत्याचा आकडा त्याच्या जवळपास असेल तर ठीक. फारच वर असेल तर समजावं की किंमत खाली दाखवून नफा टपालात काढलाय. शोधताना 'किंमत अधिक शिपिंग' अशी क्रमवारी लावली की हे लगेच उघडं पडतं.

कस्टम्सही धरा. वस्तू वापरलेली आहे म्हणून कर माफ होतो असं नाही. अनेक देशांत कर लावताना वस्तूच्या किमतीत वाहतूक आणि विमाही मिळवतात, म्हणजे टपाल वाढलं की करही वाढतो. वर कुरिअर कंपनी तो भरून देण्याचं शुल्क घेते ते वेगळं.

---

उत्तर: जुना टेबल लॅम्प मागवतेय…

काकांनी सांगितलंय त्यात थोडी भर. विमा उतरवलाय म्हणून निर्धास्त राहू नका. पॅकिंग नीट नव्हतं म्हणून दावा नाकारला जातो, आणि जुन्या नाजूक वस्तूंच्या बाबतीत हे फार होतं. म्हणून पॅकिंग कसं करणार ते आधी विचारा, फोटो मागा. लंबकाचं घड्याळ मागवताना लंबक काढून वेगळा गुंडाळायला सांगावंच लागतं, नाहीतर तो आत हेलकावे खाऊन यंत्र मोडतो. शिवाय, न आवडल्यास परतीचं टपाल कोण भरणार हे लेखी घ्या.

बॅटरीवरची वस्तू असेल तर जास्तच जपा. सुटी लिथियम बॅटरी आंतरराष्ट्रीय टपालाने पाठवता येत नाही. उपकरणात बसवलेली काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी तीही नाही. आणि विक्रेत्याने टपालापुरते पैसे साइटच्या बाहेर, वेगळ्या लिंकवर भरायला सांगितले तर अजिबात भरू नका. फसवणुकीची ही नेहमीची वाट आहे, आणि बाहेर भरलेल्या पैशांना साइटचं संरक्षण मिळत नाही.

---

उत्तर: जुना टेबल लॅम्प मागवतेय…

हे सगळं पटतंय, पण काका, एवढे प्रश्न विचारत बसलं तर वस्तू हातची जाते हो. चांगल्या जुन्या वस्तू तासाभरात विकल्या जातात.

---

उत्तर: जुना टेबल लॅम्प मागवतेय…

जाते, खरं आहे. एकच वस्तू असेल, पुन्हा दिसणार नाही, तर हुरहूर लागते हे मलाही कळतं. पण मापं विचारल्यावर त्रागा करणारा विक्रेता पॅकिंगही तसंच करेल, असं माझं स्पष्ट मत आहे. वेळ वाचवायचा असेल तर लिस्टिंगमध्ये दिलेल्या मापांत प्रत्येक बाजूला पाच-सहा सेंटीमीटर मिळवा आणि ५००० चा भागाकार मनातच करा. अंदाज दोन मिनिटांत येतो. तोच परवडत नसेल तर पुढे विचारण्याची गरजच नाही. आणि त्याच विक्रेत्याकडून दोन वस्तू घ्यायच्या असतील तर पैसे भरण्याआधी दोन्हींचं एकत्र टपाल मागा. दोन बिलं झाल्यावर ते जोडून द्यायला फारसं कुणी तयार होत नाही.

---

उत्तर: जुना टेबल लॅम्प मागवतेय…

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्रीच विक्रेत्याला लिहिलं, सकाळी उत्तर आलं. सगळा दिवा एकत्र पाठवायचा तर टपाल दिव्याच्या किमतीच्या तिप्पट! मग विचारलं, शेड ठेवून घेऊन नुसता स्टँड पाठवाल का? तो आनंदाने तयार झाला. स्टँडचा खोका २० × २० × ५०, म्हणजे सूत्राने ४ किलो, आणि पॅक करून काट्यावर साडेचार. कॅलक्युलेटरवर बघितलं, त्याने सांगितलेला आकडा बरोबर आहे. कराचा अंदाज धरूनही परवडतंय. शेड इथेच घेईन. फक्त त्याच्या होल्डरचा आटा कुठल्या मापाचा आहे आणि वायर बदलावी लागेल का, तेवढं त्याला विचारलंय. उत्तर आलं की पैसे भरते.