लष्करी सरप्लस, म्हणजे लष्कराने वापरून काढून टाकलेल्या, पुंगळ्या रिलोड करायला (पुन्हा भरायला) नेमबाजांना परवानगी हवी का?

घोडबंदरकर:
हवीच. पितळी पुंगळी, म्हणजे काडतुसाचं कवच, एकदा वाजली म्हणून निकामी होत नाही. अमेरिकेत बुडावर ‘एलसी’ असलेल्या, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या लेक सिटी दारूगोळा कारखान्याच्या पुंगळ्या लोक पुन्हा पुन्हा भरतात. आपल्याकडे काडतूस भरणं हे शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार उत्पादन ठरतं, त्याला वेगळा परवाना लागतो. परवानाधारक खेळाडूने सराव करायचा कशाने?

नेरुळचा फिटर:
लेक सिटीचं उदाहरण इथे लागू नाही. त्यांचा प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी बुडातली छोटी टोपी, बॉक्सर पद्धतीचा. मध्ये एकच छिद्र, वरून पिन दाबली की जुना प्रायमर बाहेर. आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची .३०३ रायफलची पुंगळी उलटी करून बघा: ‘के’, ‘एफ’, साल, आणि काडतुसाचा प्रकार सांगणारा रोमन सात. तिचा प्रायमर बर्डन पद्धतीचा. प्रायमर ज्यावर आपटून पेटतो ती ऐरण पुंगळीतच घडवलेली, शेजारी दोन बारीक छिद्रं. पिन घालणार कुठे? शिवाय .३०३ वाल्या लष्करी ली-एन्फिल्ड रायफलची चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, चिखलातही चालावी म्हणून सैल ठेवलेली. पुंगळी बुडाजवळ ताणली जाते, आतून पातळ होते, बाहेरून सहसा कळतही नाही. ती पुन्हा भरलीत तर बूड सुटून वायू तोंडावर येऊ शकतो. डोळ्याचा प्रश्न आहे हा.

घोडबंदरकर:
.३०३ सोडा, मी ७.६२ मिमीच्या पुंगळ्यांबद्दल बोलतोय. बुडावरचा शिक्का वाचून एका कारखान्याच्या, एका सालच्या पुंगळ्या वेगळ्या काढता येतात.

नेरुळचा फिटर:
शिक्का जन्म सांगतो. ती रायफलीत वाजली की मशीनगनमध्ये, हे सांगत नाही. त्यात लष्करी पुंगळी बरेचदा जाड असते, आत जागा कमी, म्हणून तेवढ्याच दारूला दाब जास्त.

वाशीची संग्राहक:
मला वेगळीच काळजी आहे. पूरक भागांसोबत वापरायचे नसलेले काडतुसाचे किरकोळ भाग बाळगायला शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये सूट आहे. आम्ही शिक्के अभ्यासतो ते त्या आधारावर. खडकीचा कारखाना १८६९ चा, युद्धकाळातली त्याची पुंगळी म्हणजे इतिहासाचा दस्तऐवज. ‘सरप्लस भरू द्या’ म्हणत सुटलात तर प्रत्येक रिकाम्या पुंगळीकडे संशयाने बघतील.

कळवेकर:
आणि मागणी कितीजणांची? आपले बहुतेक रायफल नेमबाज एअर रायफल नाहीतर .२२ वाले. .२२ मध्ये वेगळा प्रायमर नसतो, पेटवणारं स्फोटक बुडाच्या कडेत असतं, त्यामुळे ती व्यवहारात पुन्हा भरता येत नाही.

घोडबंदरकर:
थोडे आहोत म्हणून ऐकायचंच नाही? रेंजवर, नोंद ठेवून, स्वतःच्याच रायफलीत वाजलेल्या बॉक्सर पुंगळ्या तरी भरू द्या.

नेरुळचा फिटर:
मग त्या सरप्लस कुठे राहिल्या? नव्या विकत घेतलेल्या पुंगळ्यांसाठी अर्ज करा, माझी सही पहिली. भंगारातल्या लष्करी पितळेसाठी मात्र नाही.