बोअरच्या पाण्यातलं फ्लोराईड घरी तपासायला कोणतं किट घ्यावं?

शिवार_यवतमाळ: नमस्कार मंडळी. पांढरकवड्याच्या बाजूला शेतातल्या घरी नवीन बोअर मारलाय. पाणी भरपूर, चवीला गोड. पण शेजारच्या वस्तीतल्या पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात, म्हणून आई हे पाणी प्यायला वापरू देईना. रंग बदलणाऱ्या किटचा कुणाला अनुभव आहे का? टीडीएस मीटर ३८० दाखवतो, म्हणजे ठीक ना?

परीक्षानळी: मीटर बाजूला ठेवा. तो सगळ्या क्षारांची गोळाबेरीज सांगतो, त्यात फ्लोराईड १ आहे की ४ हे त्याला कळत नाही. गोड चवीवरही जाऊ नका. कॅल्शियम कमी असलेल्या, साबणाला छान फेस येणाऱ्या पाण्यात उलट फ्लोराईड जास्त राहू शकतं.

किट झिर्कोनियम-झायलेनॉल ऑरेंजवालं घ्या. या रंगद्रव्याला झिर्कोनियम जोडलेलं असतं तोवर द्रावण गुलाबी-लाल दिसतं. पाण्यातलं फ्लोराईड झिर्कोनियम ओढून घेतं, रंगद्रव्य सुटं होतं आणि पिवळं पडतं. जितकं पिवळं तितकं फ्लोराईड. रंगतक्त्यावर १ आणि १.५ वेगळे ओळखू यायला हवेत. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. तक्ता ०, २, ५ असा असेल तर फुकट मिळालं तरी नको.

भाऊसाहेब_पाटकरी: एवढा खटाटोप कशाला? जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत बाटली द्या, मोकळे व्हा.

परीक्षानळी: भाऊसाहेब, प्रयोगशाळा हवीच. पण उन्हाळ्यात पातळी खाली गेली की बोअरच्या पाण्याचा गुण बदलू शकतो, तेव्हा किट हाताशी असलेलं बरं. १ च्या आसपास रंग आला की नमुना द्यायचाच. बाटली प्लास्टिकची घ्या, काचेची नको.

मेळघाटची_मावशी: दादा, आधी ग्रामपंचायतीत विचारा. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच बायकांना तपासणीचं शिक्षण द्यायचं ठरलंय, पेटी तिथेच असेल. मी आमच्या गावात हेच करते. तुरटी फिरवलेलं पाणी तपासू नका, त्यातलं ॲल्युमिनियम फ्लोराईडला धरून ठेवतं आणि आकडा खोटा कमी येतो. रंग दिवसाउजेडी, मागे पांढरा कागद धरून बघा. पिवळ्या बल्बखाली सगळंच पिवळं! बाटलीवरची मुदतही बघा. द्रावणात आम्ल असतं, पोरांच्या हाती देऊ नका.

शिवार_यवतमाळ: धन्यवाद मावशी, उद्याच विचारतो. आर्सेनिकची पट्टी पण घेऊ का? आणि तोवर पाणी उकळून प्यायलं तर?

परीक्षानळी: आर्सेनिकचं मोठं दुखणं बंगाल-बिहारच्या गंगाकाठचं. तुमच्याकडे आधी फ्लोराईड, आणि बोअरजवळ गोठा किंवा युरिया टाकलेलं शेत असेल तर नायट्रेट. त्याची चाचणी गुलाबी होते, मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. उकळून फ्लोराईड जात नाही. पाणी आटतं, तेवढं उरलेल्यात वाढतं. निकाल येईपर्यंत प्यायला दुसरीकडून आणा. अंघोळीला, गुरांचा गोठा धुवायला बोअरचं चालेल.

मेळघाटची_मावशी: आणि आरओवाला आलाच तर मशीन बसवल्यावर आत जाणारं आणि बाहेर येणारं दोन्ही पाणी त्याच्यासमोर तपासा.