जाता जाता दिलेला शब्द: ५०० कोटींचा हिशेब कुणाला मागायचा?

माजी हवालदार, गडहिंग्लज
मराठा लाईट इन्फंट्रीत १७ वर्षं काढून गावी आलोय. काल पारावर वाद झाला, तो इथं मांडतो. खुर्ची सोडायच्या आधी मोठी घोषणा करून गेलेल्या नेत्याला नंतर जाब विचारता येतो का? की निवडणूक हरला म्हणजे सुटला?

आमच्याच पेन्शनचं घ्या. हुद्दा तोच, नोकरीची वर्षं तेवढीच, तर निवृत्तीचं साल वेगळं असलं तरी पेन्शन सारखी मिळावी, ही ‘वन रँक वन पेन्शन’ची मागणी. १९७३ साली तिसऱ्या वेतन आयोगानंतर जवानाची पेन्शन घटली, तेव्हापासूनची ही धग आहे. २०११ साली संसदेच्या कोश्यारी समितीनं मागणी रास्त ठरवली. त्यानंतर दोन वर्षं ती मान्य झाली नाही. मग १७ फेब्रुवारी २०१४ ला अंतरिम अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री चिदंबरम यांनी ती मान्य केल्याचं जाहीर केलं आणि ५०० कोटी ठेवले. २६ तारखेला आदेश निघाला, ५ मार्चला आचारसंहिता लागली. पुढच्याच वर्षी अंदाज आला वर्षाला ८ ते १० हजार कोटींचा. मग ५०० हा आकडा कुणी काढला आणि कशावरून? माझ्या बरोबरीचे कितीतरी जण त्या दिवशी पेढे वाटून मोकळे झाले होते. त्यांची ही थट्टाच झाली असं मी म्हणतो.

पंचगंगाकाठ
हवालदारसाहेब, तुमच्या नोकरीला मान आहे, पण तुम्ही जाणाऱ्याला धरलंय आणि येणाऱ्याला मोकळं सोडलंय. सप्टेंबर २०१३ मध्ये रेवाडीला माजी सैनिकांच्या सभेत नरेंद्र मोदींनी हाच विषय काढला होता. सत्ता आल्यावर जुलै २०१४ च्या अर्थसंकल्पात नवे अर्थमंत्री जेटलींनी आणखी १,००० कोटी ठेवले. म्हणजे आकडा नव्यांनाही चुकलाच की. जून २०१५ पासून म्हातारे माजी सैनिक याच मागणीसाठी दिल्लीत जंतरमंतरवर धरणं धरून बसले. १४ ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, पोलिसांनी त्यांना तिथून हटवायचा प्रयत्न केला. योजना लागू करायची संरक्षणमंत्री पर्रीकरांची घोषणा ५ सप्टेंबरला झाली. हे सगळं जाणाऱ्याच्या माथी कसं मारता?

आणि जाणाऱ्या काँग्रेसला लोकांनी २०१४ ला लोकसभेत ४४ जागांवर आणून ठेवलं. याहून मोठा जाब कोणता?

माजी हवालदार, गडहिंग्लज
४४ जागा आमच्या पेन्शनमुळं झाल्या नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मत एकच असतं, त्यात महागाई, घोटाळे, जात, उमेदवार सगळं एकत्र मोजलं जातं. एका आकड्याचा जाब त्यातून मिळत नाही. येणाऱ्याला मी सोडलेलं नाही. पण ५०० कोटींचा कागद ज्यानं मांडला, त्याचं उत्तर दुसऱ्यानं का द्यायचं?

हिशेबनीस, राजारामपुरी
इथं एक नियम माहीत असायला हवा. संसदेची लोकलेखा समिती सरकारी खर्चाची तपासणी करते, पण तिच्यासमोर साक्षीला सचिव येतात, मंत्री येत नाहीत. विद्यमान मंत्र्याचीच ही गत, तर माजी मंत्र्याला कोण बोलावणार? निवडणुकीच्या वर्षातल्या प्रत्येक घोषणेबरोबर पुढच्या पाच वर्षांच्या खर्चाचा सहीनिशी अंदाज सभागृहात ठेवायची सक्ती हवी. तसा कागद असता तर हवालदारसाहेबांना उत्तर त्यातच मिळालं असतं.

ऊसकरी, भुदरगड
मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. जवानाचा मान आहेच, माझा चुलतभाऊ पण फौजेत हाय. पण जाता जाता दिलेला शब्द पुढच्यानं पाळायलाच पाहिजे, हे मला पटत नाही. मग प्रत्येकजण जाताना तिजोरी वाटून जाईल. आमच्या बानं साठ वर्षं रान राबलं, त्येला कुठली पेन्शन आणि कुठलं मेडिकल? जवानाला एक न्याय आणि शेतकऱ्याला दुसरा, असं का?

माजी हवालदार, गडहिंग्लज
दादा, तुमच्या वडिलांना पेन्शन मिळावी, त्यासाठी मी तुमच्या बरोबर मोर्चाला येईन. पण जवान पस्तीस-चाळिशीत घरी येतो, पोरं शाळेत असताना. पंधरा वर्षं भरली नाहीत तर साधी पेन्शनही नाही. खासदाराला किती वर्षं भरावी लागतात? कितीही नाही. आणि महिन्याला किमान ३१,००० मिळतात. तुलना करायचीच तर तिथं करा.

टाकळीची सून, शिरोळ
मी सैनिक टाकळीची. आमच्या गावात घरटी फौजी, तेव्हा हे आकडे चुलीपर्यंत येतात. पेन्शनची फेरआकारणी दर पाच वर्षांनी ठरलेली. जुलै २०१९ ची फेरआकारणी मंजूर झाली डिसेंबर २०२२ मध्ये. त्यानंतर थकबाकी हप्त्यांत देण्यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात. मार्च २०२३ मध्ये न्यायालयानं तारखा बांधून दिल्या: कुटुंब पेन्शनवाल्यांना ३० एप्रिलपर्यंत, सत्तरीपुढच्यांना ३० जूनपर्यंत.

माझे सासरे फौजेत नायक हुद्द्यावर होते. २०२१ मध्येच गेले. त्यांच्या हयातीतल्या थकबाकीसाठी सासूबाईंनी एका कार्यालयात पाच खेपा घातल्या. सर्व्हिस रेकॉर्डमधल्या नावात आणि आधारवरच्या नावात एका वेलांटीचा फरक आहे म्हणून. प्रत्येक खेपेला काउंटरवर नवा माणूस, प्रत्येक खेपेला पहिल्यापासून सांगायचं. पाचव्यांदा त्या तिथल्या बाकावरच बसून राहिल्या, उठेनात. रक्कम अजून आलेली नाही. जाणारा कोण आणि येणारा कोण, हे आम्हाला कळत नाही. २०१९ ते २०२२ खुर्चीत तीच माणसं होती ना? मग त्या साडेतीन वर्षांचं कोण बोलणार?

पंचगंगाकाठ
वहिनी, हेच मी म्हणत होतो. खुर्चीत बसलेल्याला विचारा, तो तरी समोर आहे.

माजी हवालदार, गडहिंग्लज
मान्य, वहिनींच्या बाबतीत जाब बसलेल्यालाच. पण २०२२ साली फौजेच्या भरतीसाठी अग्निपथ आणलं, चार वर्षांनी चौघांतल्या तिघांना पेन्शनशिवाय घरी पाठवायचं ठरवलं. ही पोरं चाळिशीची होतील तेव्हा निर्णय घेणारे सगळे माजी असतील. तेव्हा पुन्हा ‘ते गेले’ असंच ऐकायचं का? आमच्या गावातली तीन पोरं आहेत त्यात, मी रोज बघतो त्यांच्या आयांना.

ऊसकरी, भुदरगड
अग्निवीराचं पटलं. बाकीचं माझं मत तेच हाय.

माजी हवालदार, गडहिंग्लज
असू दे दादा, भेटल्यावर बोलू.

वहिनी, नावातल्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र करून दिलंय का? सासऱ्यांचं डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि मृत्यूचा दाखला, तिन्हींच्या झेरॉक्स काढून ठेवा. आमच्या संघटनेत क्लार्क म्हणून निवृत्त झालेले एक सुभेदार आहेत, ते असे अर्ज लिहून देतात. रविवारी त्यांना घेऊन टाकळीला येतो. सासूबाईंना सहावी खेप घालायला लावू नका.