मोठी डिस्क बसवताना पार्टिशन टेबल वगळावं का? माझं मत: मुळीच नाही

सेक्टरशून्य (धागाकर्ता)

४ टीबीची डिस्क लिनक्सला जोडली, एफडिस्क (डिस्कचे भाग पाडायचं साधन) चालवलं, पण पार्टिशन, म्हणजे डिस्कचा पाडलेला भाग, काही केल्या २ टीबीच्या पुढे जाईना. ही तक्रार कुणी मांडली की हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: पार्टिशनच्या भानगडीत पडूच नका, अख्ख्या एसडीबीवर (लिनक्समधलं त्या डिस्कचं नाव) थेट एमकेएफएस (फाइलसिस्टीम तयार करणारी आज्ञा) चालवा, मर्यादा आपोआप जाते. जाते हे खरं आहे. तरीही नवख्या माणसाला असं सांगणं मला घातक वाटतं.

ही मर्यादा डिस्कची नाही आणि लिनक्सचीही नाही. जुन्या एमबीआर पद्धतीच्या पार्टिशन टेबलात, म्हणजे कुठला भाग कुठे आहे याच्या नोंदीत, सेक्टरचा (डिस्कवरचा छोटा ठरावीक तुकडा) आकडा ३२ बिटांत लिहितात. ५१२ बाइटचा सेक्टर धरला तर हिशोब साधारण २,१९९ जीबीवर संपतो. जीपीटी या नव्या टेबलात तोच आकडा ६४ बिटांचा असतो, त्यामुळे प्रश्न तिथेच मिटतो. जीपीटी करायला लिनक्सवर पार्टेड, फ्रीबीएसडीवर जीपार्ट. दोन्हीकडे दोन-तीन आज्ञांचं काम. एवढ्यासाठी टेबलच फेकून कशाला द्यायचं?

टेबल नसलेली डिस्क म्हणजे हद्दीचे दगड नसलेली जमीन. उद्या मशीन बिघडलं आणि घाईत ती विंडोजला जोडली, की 'इनिशियलाइज करा' अशी खिडकी समोर येते. कुणी होकार दिला की काय होतं ते बघा. जीपीटीचा हेडर सेक्टर १ वर बसतो आणि नोंदी सेक्टर २ ते ३३ मध्ये. ईएक्सटी४ या लिनक्स फाइलसिस्टीमचा सुपरब्लॉक (तिची मुख्य माहिती असलेला ब्लॉक) सुरुवातीपासून १०२४ बाइटवर असतो, म्हणजे नेमका सेक्टर २ वर. पहिल्याच फटक्यात तो पुसला जातो. ४ केबीचे ब्लॉक असतील तर ई२एफएसके या दुरुस्तीच्या साधनाला ३२७६८ हा ब्लॉक देऊन राखीव प्रतीवरून बहुतेकदा गाडी रुळावर येते. पण ज्याने 'टेबल नको' हा सल्ला ऐकून डिस्क लावली, त्याला हे त्या क्षणी कोण सांगणार?

रात्रपाळी

साफ असहमत. तुम्ही सगळं घरच्या डिस्कवरून ठरवताय. सर्व्हरमधली डेटाची डिस्क विंडोजला लागतच नाही. आणि व्हर्च्युअल मशीनवर तर टेबल ही निव्वळ अडचण आहे. अख्ख्या डिस्कवर एलव्हीएम (लिनक्सची जागा लवचिकपणे वाटणारी व्यवस्था) असेल तर मागून डिस्क वाढवायची, एक पीव्हीरिसाइझ (एलव्हीएमला नवा आकार कळवणारी आज्ञा) मारायचं, विषय संपला. टेबल असेल तर आधी जीपीटीची शेवटी असलेली प्रत नव्या टोकाला न्या, मग पार्टिशन ताणा, मग कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) टेबल पुन्हा वाचायला लावा. जितक्या पायऱ्या जास्त, तितक्या घसरायच्या जागा जास्त.

दुसरं, यूएसबी डॉक, म्हणजे डिस्क यूएसबीने जोडायचा स्टँड. काही डॉक मोठ्या डिस्कचा सेक्टर ४०९६ बाइटचा म्हणून दाखवतात. तिथे जीपीटी केली की हेडर ४०९६ बाइटवर बसतो. तीच डिस्क थेट मदरबोर्डच्या साटा जोडणीला लावली की सेक्टर ५१२ चा होतो, कर्नल हेडर ५१२ बाइटवर शोधतो आणि तिथे काहीच नसतं. अख्ख्या डिस्कवर केलेली, ४ केबी ब्लॉकची ईएक्सटी४ मात्र दोन्हीकडे निमूट माउंट होते. सुरक्षित काय ठरलं मग?

सेक्टरशून्य

डॉकचा मुद्दा शंभर टक्के खरा, तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम तोच. पण तिथेही डेटा जात नाही, फक्त पत्ता चुकतो. डॉकवर पार्टिशन २५६व्या सेक्टरपासून सुरू केलं असेल, तर २५६ गुणिले ४०९६, म्हणजे १०४८५७६ बाइट. लूसेटअप या आज्ञेला तेवढा ऑफसेट (सुरुवातीपासूनचं अंतर) द्या आणि तयार झालेलं लूप उपकरण (त्या जागेपासून सुरू होणारी आभासी डिस्क) फक्त वाचण्यापुरतं माउंट करा. सगळं जागेवर दिसेल. खरा उपाय म्हणजे डिस्क कायम जिथे राहणार तिथे जोडूनच पार्टिशन करणं.

व्हर्च्युअल डिस्कचं म्हणाल तर मान्य. तिथे ना फर्मवेअर (मदरबोर्डमधलं, सिस्टीमच्या आधी चालणारं सॉफ्टवेअर) मधे येतं, ना कुणी ती उपटून दुसरीकडे लावतं. माझा आक्षेप हातात धरता येणाऱ्या डिस्कपुरता आहे.

वायरमन

तुमचं चालू द्या, पण दोघांनी एक पायरी गाळलीय. टेबल हवं की नको हे ठरवण्याआधी कर्नलला डिस्क पूर्ण दिसते का ते डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा) बघा. ३ टीबीची डिस्क ७४६ जीआयबीची (१०२४ च्या पटीत मोजलेलं जीबी; टीआयबीही तसंच) दिसत असेल तर जुना कंट्रोलर किंवा डॉकची चिप ३२ बिटांवर अडकलीय. २ टीआयबी वजा झालं आणि उरलेलं तेवढं दिसतंय. अशा वेळी जीपीटी करा नाहीतर थेट एमकेएफएस, दोन्ही व्यर्थ. आधी जोडणी बदला.

आणि डिस्क फिरतच नसेल तर सॉफ्टवेअरला हात लावू नका. काही नव्या डिस्कमध्ये साटा पॉवरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंदच राहते. जुने पॉवर सप्लाय तिथे ३.३ व्होल्ट देतात. मोलेक्स (जुन्या चार पिनी पॉवर प्लगचा) अडॅप्टरमधून ३.३ व्होल्ट येतच नाहीत, त्यामुळे त्यावर डिस्क सुरू होते. पण अडॅप्टर चांगला घ्या, हलक्या प्रतीचे जळतात.

जीपार्टवाली

मी सेक्टरशून्य यांच्या बाजूने. मिररमधली (दोन डिस्कवर तोच डेटा ठेवायची रचना) डिस्क गेली आणि बदली डिस्क त्याच मापाची म्हणून आणली, तरी ती थोडक्या सेक्टरांनी लहान निघू शकते. अख्खी डिस्क वापरली असेल तर मिरर तिला घेत नाही. पार्टिशन करताना शेवटी थोडी जागा सोडली असेल तर असं अडत नाही. फ्रीबीएसडीवर जीपीटीचं लेबलही मिळतं. केबल बदलून डिस्कचं नाव एडीए१ चं एडीए२ झालं तरी एफस्टॅबला (काय कुठे माउंट करायचं ती यादी) हात लावावा लागत नाही.

रात्रपाळी

लेबल आणि यूयूआयडी (एकमेव ओळख क्रमांक) फाइलसिस्टीमलाही असतात, त्यासाठी पार्टिशन कशाला? बदली डिस्कचं मात्र पटलं. पण एमडी रेड (लिनक्समध्ये अनेक डिस्क एकत्र बांधायची सोय) करतानाही आकार थोडा कमी सांगता येतोच की.

सेक्टरशून्य

एमडी रेडचं नाव काढलंत म्हणून सांगतो, अख्ख्या डिस्कचा सगळ्यात वाईट अनुभव तिथेच येतो. डिस्कवर आधी कधी जीपीटी असेल तर तिची राखीव प्रत शेवटच्या सेक्टरांमध्ये राहून जाते. काही मदरबोर्डचं फर्मवेअर बूट होताना ती बघतं, पुढची प्रत 'दुरुस्त' करतं आणि पहिल्या ३४ सेक्टरांवर लिहून मोकळं होतं. एमडीचा १.२ आवृत्तीचा सुपरब्लॉक ४०९६ बाइटवर, म्हणजे त्याच टप्प्यात. रीबूट केलं की रेड गायब, आणि लॉगमध्ये कुणाचंच नाव नाही. ही चूक ना तुमची, ना कर्नलची. टेबल जागेवर असतं तर फर्मवेअरला दुरुस्त करायला काही उरलंच नसतं.

रात्रपाळी

म्हणूनच जुन्या डिस्कवर आधी वाइपएफएस (जुन्या खुणा पुसणारं साधन) चालवायचं, ते शेवटची प्रतही पुसतं. माझ्या व्हर्च्युअल डिस्क बिनटेबलाच्याच राहणार. खऱ्या डिस्कच्या रेडसाठी मात्र यापुढे जीपीटी करेन, कारण फर्मवेअर काय लिहील ते माझ्या हातात नाही.