अनुभव धागा: ज्यांचं पोट त्या कामावर आहे, त्यांना विचारून वाट निवडलीत का?

भाचा बारावी सायन्सला आहे, नाशिकमध्येच. घरात जेईई की नीट, एवढंच चालू असतं. कल-चाचणी झाली, रंगीत फाईल मिळाली, पुढे काही नाही. मला वाटतं त्याने प्रत्यक्ष काम करणाऱ्यांसमोर बसावं. तुमच्यापैकी कोणी असं केलंय? कोणाला गाठलंत, काय विचारलंत, माहितीपत्रकात नसलेलं काय कळलं? "आवडीचं क्षेत्र निवड" छाप सल्ले नकोत, घडलेलं सांगा.

निफाडकरीण
बीएस्सी अ‍ॅग्रीला जायचं आणि द्राक्ष सल्लागार व्हायचं, हे माझं पक्कं होतं. आमच्या बागेत येणाऱ्या सल्लागारांना वडिलांनी विचारलं आणि ऑक्टोबरात एक दिवस त्यांच्याबरोबर फिरले. गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) झालेली, एक बाग पोंग्यात, म्हणजे कोंब फुटताना, तर दुसरी फुलोऱ्यात. त्यात पाऊस झाला की डाऊनी हा बुरशीचा रोग, शिवाय गळकूज, म्हणजे घड कुजून गळणं. पहाटेपासून फोन. बांधावर डबा खाताना म्हणाले, "औषध दुकानदारही सांगतो. 'आज फवारू नका' हे सांगायची माझी फी." बाग गेली तर, मी विचारलं. "पुढच्या वर्षी शेतकरी बोलवत नाही. त्याचे पाहुणेही बोलवत नाहीत."

तो ताण मला झेपला नसता. मी तसं बोलूनही टाकलं. राग न धरता त्यांनीच रेसिड्यू लॅबमधल्या (मालात फवारणीचा अंश किती उरलाय ते तपासणाऱ्या) एका ताईंची गाठ घालून दिली, कारण युरोपला माल जायचा तर आधी ती तपासणी लागते. ताईंनी साफ सांगितलं: मशीनपुढे कमी, द्राक्षांचा लगदा करून नमुने तयार करण्यात जास्त वेळ जातो, आणि निर्यातीच्या हंगामात सुट्टी मागायची नाही. हे मला चालण्यासारखं वाटलं. अ‍ॅग्री सोडून केमिस्ट्री घेतली, आज तेच काम करते.

आकडेमोड
सीए करायचं होतं. मोठ्या सरांकडे न जाता त्यांच्या ऑफिसातल्या आर्टिकलला, म्हणजे सीए करताना तिथे उमेदवारी करणाऱ्या पोराला, चहाला नेलं. त्याने महिना मांडून दाखवला: ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला ३बी (दोन्ही जीएसटीची रिटर्नं), जुलैअखेर इन्कम टॅक्सची रिटर्नं, मग ऑडिट. "परीक्षेचा अभ्यास यातूनच काढायचा." तरी केलं. तेव्हा आर्टिकलशिप तीन वर्षांची होती, आता दोन आहे.

खडूस काका
माझा अनुभव उलटा. ज्यांना विचारलं ते सगळे म्हणाले, "या लाईनीत येऊ नकोस." वकील, मास्तर, डॉक्टर, कोणीही असो! पंचवीस वर्षं घासलेला माणूस दुसरं काय सांगणार? शेवटी एका वकिलांना विचारलं, "मग तुम्ही का नाही सोडलंत?" तिथून खरं बोलणं सुरू झालं. उलटतपासणीचं सांगताना त्यांचा आवाजच बदलला. तारखांना वैतागले होते, कामाला नाही.

धागाकर्ती
काका, हा प्रश्न लिहून घेतला. पण पगाराचं कसं विचारायचं?

सातपूर सेकंड शिफ्ट
ताई, "तुम्हाला किती मिळतात" नाही, "नवीन लागलेल्या पोराला काय मिळतं" असं विचारायचं. लगेच सांगतात, वर पीएफ कापून हातात किती तेही.

मी दहावीनंतर डिप्लोमा की आयटीआय यात अडकलो होतो. शेजारचे दादा अंबडला टूलरूममध्ये, म्हणजे साचे-डाय बनवतात तिथे, होते. ते म्हणाले, डिप्लोमा तीन वर्षं, पुढे डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, पण आधी सांग, मशीनवरच्या एकाच तुकड्यावर दिवसभर डोकं खुपसून बसशील का? ऑपरेटर बटण दाबतो, सेटरला माप का हुकलं ते शोधावं लागतं, डायमेकरला तर मिलिमीटरचा शंभरावा भाग हाताला कळावा लागतो. मी आयटीआय टर्नर (लेथचं काम) केलं, मग अ‍ॅप्रेंटिस. गाड्यांच्या ऑर्डरी घटल्या की ओव्हरटाईम आधी जातो आणि रात्रपाळीनंतर दिवसा झोप लागत नाही, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं.

रात्रपाळीची सिस्टर
नर्सिंगला यावं का, असं बहिणीने मला विचारलं होतं, तिला मी पगार, सुट्ट्या सगळं सांगितलं. मग तिने विचारलं, "पहिला पेशंट गेला तेव्हा घरी येऊन काय केलंस?" जेवले आणि झोपले, असं सांगितलं. तिने फार्मसी घेतली.