४ वर्षांच्या मुलीला जिम्नॅस्टिकला घालू का?

चिमणीची_आई: नमस्कार मंडळी, लेक नुकतीच ४ वर्षांची झाली, दिवसभर सोफ्यावरून उड्या नि पलंगावर कोलांट्या चालू, त्यात पावसामुळे खाली पाठवता येत नाही. एका क्लासच्या डेमोला गेलो तर चिमुरड्यांना स्प्लिटमध्ये (दोन्ही पाय विरुद्ध दिशांना पूर्ण ताणून) बसवून वरून खांदे दाबत होते, पोरं रडत होती, मला बघवेना. क्लास लावू की थांबू? घरी काय घेता येईल? कोलांटीत मान मुरगळेल अशी धास्ती वाटते.

मल्लखांबवेडी: ताई, तो क्लास अजिबात नको. मी लहानांची बॅच घेते, या वयाची मुलं मुळातच लवचिक असतात, दाबून काय मिळवायचंय? बरे क्लास पहिलं वर्ष खेळातच घालवतात, रांगणं, लोंबकळणं आणि मुख्य म्हणजे उडी मारून गुडघे वाकवून दोन्ही पायांवर नीट उतरणं. कोलांटीसाठी गादीच्या एका टोकाखाली लोड सरकवा म्हणजे उतार होतो, हनुवटीखाली घडी केलेला रुमाल धरायला सांगा, रुमाल पडला की हनुवटी छातीपासून सुटली. टाळूवर भार नको, हात टेकून डोक्याची मागची बाजू नि खांदे टेकत पाठीवरून गोल जायचं. पलंगावर नको, जमिनीवरच.

बाबा_ऑन_ड्युटी: आमच्याकडे हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कधी अस्वल, कधी खेकडा, कधी बेडूक असं जायचं, प्राणी लेकच ठरवते. ढकलगाडी (ती हातांवर चालते, पाय आपण उचलून धरायचे) करताना घोट्याला नाही मांडीला धरा, नाहीतर कंबर खाली लोंबते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ३-४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल सांगितलीय, त्यातली ६० तरी जरा जोमाची, पण एकदम नाही, दिवसभरात मिळून, त्यामुळे टेन्शन नको.

नातवंडांची_आजी: अगं, कांदाफोडी घे की! तू खाली बस, आधी नुसते पसरलेले पाय तिला ओलांडायला लाव, मग पायावर पाय ठेव, मग त्यावर हाताची वीत उभी धर. लंगडी सावकाश येईल, या वयात दोन-चार उड्या जमल्या तरी पुष्कळ.

चिमणीची_आई: रुमालाची आयडिया भारी! बाबा तिला दोन्ही हात धरून गरगर फिरवतात, ते चालेल का?

मल्लखांबवेडी: नको. ५ वर्षांखालच्या मुलांचं कोपर हाताला हिसका बसला की पटकन सरकतं. काखेत धरून फिरवा म्हणावं, बिनधास्त.